बापूजींच्या मापाचा स्वेटर

बापूजी गावंडे खोटं बोलले, आणि तेही भर साक्षगंधात, धाकट्या मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांच्या देखत, कपाळावरचं कुंकू ओलं असताना. एरवी ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. तहसील कचेरीत जन्मभर कारकुनी करूनही त्यांना ती कला साधली नव्हती. बोरखेडीतले लोक ही गोष्ट कौतुकापेक्षा कीव आल्यासारखीच सांगत. पण त्या दिवशी वेळच तशी आली. कार्तिक नुकता लागला होता, मांडवात ऊन उतरलं होतं, बाकीची मंडळी उपरण्याने वारा घेत होती, आणि बापूजींच्या हातातलं सुपारीचं तबक थरथरत होतं. महागावच्या अनसूयाबाई, म्हणजे नवऱ्या मुलाची आई, समोरच बसल्या होत्या. बाईंची नजर मोठी बारीक. त्यांनी थोडा वेळ तबकाकडे पाहिलं, मग बापूजींकडे पाहिलं आणि विचारलं, थंडी वाजून राह्यली काय जी तुम्हाले?

"यंदा गारठा लवकरच आला," बापूजी म्हणाले. "म्हणून तं सून स्वेटर विणून राह्यली माह्यासाठी. लग्नात तोच घालतो."

दाराआड चिवड्याच्या बशा भरत असलेल्या सुनेला, इंदूला, आपण स्वेटर विणतो आहोत हे असं कळलं.

खोटं बोलण्याइतकं काय अडलं होतं ते आताच सांगून टाकतो. बेबी ही बापूजींची धाकटी मुलगी. तिचं वय कोणी विचारलं की घरातली माणसं पीकपाण्याच्या गोष्टी काढायची, इतकं तिचं लग्न लांबलं होतं. हे स्थळ म्हणजे वणीला कोळशाच्या खाणीवर हजेरीकारकून असलेला, शांत डोळ्यांचा मुलगा. बेबीला तो मनापासून आवडला होता. आणि मागच्याच वर्षी गल्लीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, का, तर साखर वाटताना तिचा काका खोकला. त्या घरात क्षय आहे, अशी कुजबूज निघाली आणि पाहुणे जेवणाआधीच गाडीत जाऊन बसले. काका बिचारा तंबाखूने खोकत होता. तो अजून ठणठणीत आहे आणि ती मुलगी अजून घरीच आहे. तेव्हा मुलीच्या बापाने भर उन्हात कापणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

इंदू मात्र मनातून सुखावली. विणकाम ही तिची एकमेव मिरासदारी होती. स्वयंपाकात नणंद वरचढ, अक्षर नवऱ्याचं चांगलं, पण अमरावतीला आईच्या मांडीला मांडी लावून ती जे विणायला शिकली होती, तसं विणणारं बोरखेडीत कोणी नव्हतं. तिच्या टाक्यांवरून बोट फिरवलं तर एकही टाका वर नाही की खाली नाही. फक्त या गावात ते बघणारं कोणी नव्हतं. आता साऱ्या मांडवाला दिसेल, असं तिला वाटलं.

पण विणायचं कशाने? कापूस म्हणाल तर गावात गाड्यांच्या रांगा लागत, लोकर मात्र औषधालाही नाही. इंदूने अमरावतीला भावाला पत्र टाकलं. भावाने लगोलग बदामी रंगाच्या लोकरीचं पार्सल पाठवलं आणि वर जुन्या सवयीने पत्ता घातला, सौ. शालिनी बाबाराव गावंडे. लग्नात नाव बदलून तिची इंदू झाली होती हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच राहिलं नाही.

पोस्टमास्तर नियमाने चालणारे होते. बाबाराव, म्हणजे इंदूचा नवरा, गावच्या शाळेत मास्तर. तो पार्सल आणायला गेला तेव्हा पोस्टमास्तरांनी विचारलं की तुमच्या मंडळीचं नाव इंदू आहे हे सारं गाव जाणतं, मग ही शालिनी बाबाराव कोण? मनीऑर्डरीचा दिवस होता, पोस्टात माणसं दाटलेली. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही ही त्या घरची रीत. बाबारावने तर ते घरातही कधी घेतलं नव्हतं. 'अवं, आयकतं काय' यावर त्याचा संसार चालला होता. तो कानापर्यंत लाल झाला, 'त्या त्याच आहेत' असं काहीतरी पुटपुटला आणि हात हलवत परत आला.

दिवस मावळेपर्यंत बाबाराव मास्तरने शालिनी नावाची दुसरी केली आहे, हे गावात सर्वांना ठाऊक झालं. शेजारच्या मानीबाई इंदूचं सांत्वन करायला आल्या. इंदू रडत नाही हे पाहून त्यांचा हिरमोड झाला, तरी चहा पिऊन गेल्या. शाळेतले जोडीदार बाबारावकडे कधी नव्हे त्या आदराने पाहू लागले. पार्सल पोस्टात पडून राहिलं आणि मार्गशीर्ष लागला.

शेवटी बापूजी स्वतः उठले. काठी घेतली, वाटेत दोन ओट्यांवर बसत बसत पोस्टात गेले आणि खिडकीपाशी उभे राहून म्हणाले की शालिनी म्हणजे माही सून आणि इंदू म्हणजेही माही सूनच, नावं दोन, बाई एक, आता द्या. कचेरीतला जुना आवाज होता तो. पोस्टमास्तरांनी मुकाट्याने पार्सल दिलं. हे इंदूला कळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. ज्या माणसासमोर ती आजवर डोक्यावरचा पदर मागे सारून उभी राहिली नव्हती, ज्याच्याशी एक शब्दही सरळ बोलली नव्हती, त्याने तिची दोन्ही नावं भर पोस्टात घेतली होती.

आता माप. इथे खरी पंचाईत. सासऱ्याकडे मान वर करून बघायची रीत नाही, मग छातीभोवती फीत धरणं तर दूरच. मुलाने घ्यावं, तर मुलाने मिसरूड फुटल्यापासून बापाच्या अंगाला हात लावला नव्हता. तरी बाबाराव शाळेतली फीत घेऊन गेला. बापूजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि मी काय बाजारातला बैल आहो काय, असं विचारलं. बाबारावने खुंटीवरच्या कोटाचं माप घेतलं. हा कोट इंग्रज राज्यात शिवलेला. बापूजी मध्यप्रदेश सरकारात पेन्शनीत निघाले आणि पुढं राज्यांची फेरवाटणी झाली त्या सकाळी खुर्चीतून न हलता मुंबई राज्यात जाऊन पडले, त्या सगळ्या उलथापालथीत तो कोट तेवढा खुंटीवर कायम होता. त्याच्यावर भरवसा ठेवण्यात बाबारावचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

इंदूने दुपारच्या दुपार विणलं. स्वेटर झाला, बापूजी तो घालून माजघरातून बाहेर आले आणि बेबीला हसू आवरेना. खांदे कोपराकडे निघाले होते. सुनेशी थेट बोलायचं नाही म्हणून बापूजी नेहमी बेबीमार्फत बोलत. ते म्हणाले, बेबे, तुह्या वहिनीले सांग, यात मी मावतो, कोट मावते आणि वरून पायलीभर ज्वारी मावते.

उसवला. दोष कोटाचा ठरला. मग मारोतराव शिंप्याकडून माप आणलं. त्याने दसऱ्याला बापूजींचा सदरा शिवला होता. त्या मापाने दुसऱ्यांदा विणला, तोही लोंबला. बाबाराव शिंप्याला चार शब्द बोलून आला. शिंपी रुसला आणि लग्नाचे कपडे शिवायचे नाही म्हणून बसला. त्याची समजूत घालायला बापूजींनाच पुन्हा काठी घेऊन जावं लागलं.

एव्हाना स्वेटर ही गावाची बाब झाली होती. विहिरीवर, गिरणीत, मारुतीच्या पारावर, जो तो आपापली अक्कल देऊ लागला. कोणी म्हणे लोकरच वाईट. कोणी म्हणे शहरातल्या पोरींना दाखवायचं येतं, करायचं येत नाही. मानीबाईंनी लोकर जन्मात हाताळली नव्हती, पण उन्हाने सैल झालेली गोष्ट कढत पाण्याने आवळते असं त्यांचं ठाम मत होतं. इंदू घरात नसताना त्यांनी वानगीदाखल एक बाही कढत पाण्यात बुडवली. बाही आवळली हे खरं. ती इतकी आवळली की तिच्यातून मनगट जाईना, आणि एकमेकांत रुतून बसलेले टाके उसवेनात. भावाला पुन्हा पत्र गेलं. नवी लोकर योग्य नावावर आली, पण रंग एक छटा गडद. आता स्वेटरला एक बाही बदामी आणि एक काळपट अशी शोभा आली.

तिसऱ्या खेपेला बाबारावने हिशेब हाती घेतला. मागच्या दोन स्वेटरांत किती जागा उरली ते पाहून त्याने पाटीवर गणित मांडलं, ताळा केला आणि इंदूला इतके टाके कमी घाल म्हणून सांगितलं. तिने तसंच केलं. स्वेटर तयार झाला तेव्हा पौष अर्धा सरला होता, आणि बापूजींच्या अंगात तो पुन्हा झुलत होता. बाबाराव चिडला. माहं गणित चुकत नाई, तुहा हात चुकते, असं तो सर्वांसमोर म्हणाला. त्या दिवशी इंदू जेवली नाही. आपला हात गेला की काय, या विचाराने तिला खरोखर भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. बाबाराव शाळेत, बेबी बांगड्या भरायला गेलेली. बापूजी अंगणात बाजेवर उन्हात डोळा लागून पडले होते. इंदू वाळत घातलेली तुरीची डाळ भरायला सूप घेऊन बाहेर आली. झोपेत बापूजींच्या अंगावरचं उपरणं सरकलं होतं, सदऱ्याची गुंडी उघडी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून इंदूने सासऱ्याकडे पहिल्यांदाच नीट, डोळे भरून पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. मनगटातला काळा दोरा कोपरापर्यंत घसरला होता. पोट आत गेलं होतं आणि फासळ्या सदऱ्यातून मोजता येत होत्या. स्वेटर तिन्ही वेळा बरोबर होता. प्रत्येक वेळी तो विणून होईपर्यंत माणूसच कमी झाला होता, आणि बघायची रीत नाही म्हणून जिने बघायला हवं होतं तिनेच पाहिलं नव्हतं. रोज बघणाऱ्यांना तर ते दिसलंच नव्हतं. इंदू सूप घेऊन तशीच उभी राहिली. तिला फार वाईट वाटलं, आणि आपला हात गेलेला नाही म्हणून त्यातच जरासं बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

"मामाजी," ती म्हणाली. सासऱ्याला मारलेली ही तिची पहिली हाक.

बापूजींनी डोळे उघडले. हात उपरण्याकडे गेला, मग अर्ध्यावरच थांबला. "पाह्यलं काय तू?"

"हो जी. डॉक्टरले दाखवलं काय?"

"पोटात गाठ आहे म्हणते. पेन्शनीच्या कामाले यवतमाळले गेलतो ना, ते यासाठीच गेलतो." ते उठून बसले. बसताना बाजेचा कठडा धरावा लागला. "नागपूरले जा म्हणते. जाईन. बेबीचं लगन लागू दे, मंग जाईन."

लगेच जा, असं इंदू म्हणाली. लग्न पुढं ढकलता येईल म्हणाली. बापूजींनी मान हलवली. लग्न पुढं ढकलायला कारण सांगावं लागतं, आणि वाळलेला माणूस दिसला की लोक क्षयाशिवाय दुसरं काही म्हणत नाहीत, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. काका नुसता खोकला तर काय झालं ते तिनेही पाहिलं होतं.

मग ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू बरोबर मापाचा विणशीन, तं मी किती उरलो ते साऱ्या मांडवाले दिसन. ढगळाच राहू दे. अजून ढगळा कर, जाड कर. नाव तुह्या विणण्याले ठेवतीन. तेवढं सोसशीन काय, बाई?"

इंदूने मान डोलावली. पदर डोक्यावरून घसरला होता, तो दोघांपैकी कोणीच पाहिला नाही.

"बाबारावले नोको सांगू," बापूजी म्हणाले. "त्याले खोटं बोलता येत नाई. माह्यावर गेला तो."

वाईट विणणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी चांगलं विणलेलं नसतं. इंदूने स्वेटर तिसऱ्यांदा उसवला आणि दुहेरी लोकर घेऊन मुद्दाम सैल टाके घालू लागली. पण हात ऐकेनात. ती टाका सोडायची आणि पुढच्या ओळीत बोटं आपणहून तो उचलून घ्यायची. सुलट-उलट चुकवायला ती बेबीशी गप्पा मारत विणायची, तरी वीण रेषेत. शेवटी तिने मानीबाईंना बोलावलं आणि काकू, मले जरा दाखवा ना, अशी विनंती केली. मानीबाईंनी सुया हातात घेतल्या आणि सांगायला आनंद वाटतो की काम एका बैठकीत मार्गी लागलं. पाठीला एक भोक पडलं, गळा डावीकडे गेला, खालची कड लहरत निघाली. मानीबाईंनी गावभर सांगितलं की पोरीला काही येत नव्हतं, मीच हात लावला म्हणून एवढं तरी झालं. इंदूने त्यांना हळदीकुंकू लावून पाठवलं. बाबाराव मात्र तिच्याशी बोलेनासा झाला. एवढी लोकर आणि एवढे दिवस घालवून बाईने घराची शोभा केली, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याला जे माहीत होतं त्यावरून ते रास्तच होतं.

माघात लग्न आलं. वऱ्हाड महागावहून ट्रकने आलं. बापूजी धोतर, सदरा आणि त्यावर तो स्वेटर घालून मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले. एक बाही बदामी, एक काळपट, दोन्ही बोटांच्या खाली. वऱ्हाडी मंडळी ट्रकमधून उतरता उतरता एकमेकांना कोपराने ढोसू लागली. इंदू बायकांत उभी राहून पाहत होती. सारे स्वेटर बघत होते, माणूस कोणी बघत नव्हतं, आणि बापूजींनी मागितलं होतं ते हेच.

पण मग व्याहीभेट आली. मुलाचे वडील आणि मुलीचे वडील एकमेकांना कडकडून भेटतात ती रीत. बापूजींनाही ती आठवली असावी, कारण त्यांनी दोन पावलं मागे घेतली. मुलाचे वडील आडव्या हाडाचे, मोकळे गृहस्थ. त्यांनी बापूजींना दोन्ही हातांनी कवळलं आणि मोठ्याने म्हणाले, "व्याही, तुम्ही आहा कुठं यात? निसता स्वेटरच हाती लागून राह्यला."

मांडव खदखदून हसला. अनसूयाबाई हसल्या नाहीत. त्या पुढं आल्या, बापूजींच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, आणि हळूहळू हसणं थांबलं.

"खरं सांगा जी," त्या म्हणाल्या. "तब्येत तं बरी आहे ना?"

बापूजींनी तोंड उघडलं. पण साक्षगंधात जे एकदा जमलं होतं ते दुसऱ्यांदा जमेना. आतल्या खोलीत हळद लागलेली बेबी बसली होती.

इंदू बायकांतून बाहेर पडली आणि पुरुषांच्या मधोमध येऊन उभी राहिली. गावंडेंच्या घरची कुठलीच सून कधी अशी आली नव्हती.

"मामाजीच्या तब्येतीले काई नाई झालं," ती सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली. "स्वेटर मी बिघडवला. कितीकदा उसवला, तरी जमला नाई. मले विणताच येत नाई, बाई."

अनसूयाबाईंनी बाबारावकडे पाहिलं. बाबारावच्या तोंडावर इतके दिवस दाबून ठेवलेला सारा वैताग होता.

"खरं आहे ते," तो म्हणाला. "मी सोता माप घेऊन देल्लं, गणित करून देल्लं, तरी हिच्यानं झालं नाई."

यानंतर कोणाला शंका राहिली नाही. न बोलावता इतका खरा साक्षीदार कुठे मिळायचा? मांडव पुन्हा हसला, आधीपेक्षा जास्त हसला. मानीबाईंनी मागून पुष्टी दिली. सर्वांत मोठ्याने बापूजी हसले. हसता हसता त्यांना खुर्ची लागली, ती कोणीतरी दिली.

अनसूयाबाईंचा चेहरा निवळला. त्यांनी इंदूचा हात धरून तिला ओसरीवर नेलं आणि शेजारी बसवलं.

"माहेरी आईनं काई शिकवलं नाई काय वं तुले?"

हे एक वाक्य इंदूच्या जिवाला लागलं. बाकीचं सारं तिने गृहीत धरलं होतं, याची तिने तयारी केली नव्हती. आईची मांडी, आईची बोटं तिला दिसली.

"नाई," ती म्हणाली.

"मंग तुहा तरी काय दोष. आण सुया."

सुया आल्या, उरलेली लोकर आली. अनसूयाबाई मनाने चांगल्या होत्या. कोणाला हसून सोडून देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी इंदूची बोटं आपल्या हातात घेतली, धागा कुठून फिरवायचा ते सावकाश दाखवलं आणि पहिला टाका घातला. मग सुया तिच्याकडे दिल्या. इंदूने तोच टाका घातला आणि सैल सोडून दिला. तो गळला.

"असं नाई वं," अनसूयाबाई म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवू लागल्या.

मांडवात वाजंत्री सुरू झाली. मुलीला बाहेर आणा म्हणून भटजींनी हाक दिली. बाबाराव आत बेबीला घ्यायला गेला. खुर्चीत बसलेल्या बापूजींनी दोन्ही हात बाह्यांत ओढून घेतले होते. अनसूयाबाईंनी सुया लोकरीत खोचून बाजूला ठेवल्या, लुगडं सावरलं आणि उठता उठता इंदूच्या पाठीवर हात ठेवला.

"आता लगन लागू दे," त्या म्हणाल्या. "उरलेलं मंग शिकवीन."

इंदू हो म्हणाली.